गव्हातील बुरशीजन्य विषाचा धोका कसा जोखावा: कोल्हापूरच्या शिवारापासून कोठीपर्यंत

गव्हाच्या रोगाचे नाव निघाले की आपल्याकडे चर्चा तांबेऱ्यापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. तांबेरा उत्पादन बुडवतो, पण खाणाऱ्याच्या पोटात विष कालवत नाही. विष तयार करणाऱ्या बुरशा निराळ्या आहेत. त्यांनी दाण्यात सोडलेले विष बुरशी मरून गेल्यावर, दाणा वाळल्यावर, दळल्यावर आणि चपाती तव्यावर भाजल्यावरही बरेचसे तसेच राहते. दाण्यावर बुरशी दिसते म्हणजे त्यात विष आहेच असे म्हणता येत नाही आणि स्वच्छ दिसणारा दाणा निर्विष आहे अशी खात्रीही देता येत नाही. त्यामुळे हा धोका एकदा डोळ्यांखालून धान्य घालून जोखता येत नाही. पिकाला आणि नंतर धान्याला कोणत्या टप्प्यावर किती पाणी लागले आणि ते किती वेळ अंगावर राहिले, याच्या नोंदींवरून तो बांधावा लागतो.

ब्रिटनमध्ये गहू विकताना शेतकऱ्याला असा जोखीम-गुणांचा तक्ता भरून द्यावा लागतो. आधीचे पीक कोणते, मशागत कशी केली, वाण कोणता, फुलोऱ्यात पाऊस किती झाला आणि कापणीआधी किती झाला, असे त्यातले प्रश्न असतात. विचार करण्याची पद्धत म्हणून तो तक्ता उत्तम आहे, परंतु जसाच्या तसा कोल्हापुरात लावला तर फसगत होते. तिकडे गहू पावसाळी उन्हाळ्यात फुलतो, तर आपल्याकडे जानेवारीच्या कोरड्या हवेत. आपला धोका दाणा भरल्यानंतर सुरू होतो आणि त्याचा सर्वांत कठीण काळ धान्य घरात आल्यावर, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. पुढील सर्व मांडणी या एका फरकावर उभी आहे.

कोणते विष कोठे तयार होते

शेतात उभ्या पिकावर येणारी मुख्य बुरशी म्हणजे फ्युजेरियम. तिच्यामुळे ओंबी करपते आणि दाण्यात डीऑक्सीनिव्हॅलेनॉल, म्हणजे संक्षेपाने डॉन, तसेच झिअरॅलेनॉन ही विषे तयार होतात. डॉनमुळे मळमळ, उलट्या आणि पोटाचे विकार होतात. झिअरॅलेनॉन जनावरांच्या, विशेषतः डुकरांच्या, प्रजननावर परिणाम करते. साठवणीत वाढणाऱ्या बुरशा म्हणजे ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम. त्यांच्यापासून यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिन आणि मूत्रपिंडाला घातक असे ऑक्राटॉक्सिन तयार होते. अफ्लाटॉक्सिन हे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून जागतिक पातळीवर पहिल्या गटात नोंदलेले आहे. मका आणि भुईमूग यांच्या तुलनेत गव्हात ते कमी आढळते, हे खरे. परंतु ज्या खोलीत शेंगांची पोती, मक्याची कणसे आणि गव्हाची कोठी शेजारी शेजारी असतात, तेथे ही तुलना फार धीर देणारी नाही.

भारतात घडलेल्या घटनांमध्ये पाण्याचा धागा स्पष्ट दिसतो. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाण्यात आल्याने ३९७ जणांना अफ्लाटॉक्सिनची बाधा झाली आणि त्यांतले १०६ जण दगावले. १९८७ मध्ये काश्मीर खोऱ्यात भिजून खराब झालेल्या गव्हाची रोटी खाल्ल्यामुळे पोटाच्या विकारांची मोठी साथ आली. त्यामागे डॉनच्या जातकुळीतील विषे होती. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर पावसात सापडलेल्या ज्वारी व मक्यामुळे अशीच साथ उद्भवली. तिन्ही वेळा धान्य भिजले होते आणि ते टाकून देण्याची ऐपत नसल्याने खाल्ले गेले होते.

पेरणीच्या वेळीच करावयाची नोंद

मूल्यमापनाची सुरुवात एका साध्या वहीने करावी. प्रत्येक तुकड्यासाठी, म्हणजे प्रत्येक वावरासाठी, आधीचे पीक, त्याचे अवशेष जमिनीत गाडले की वर राहिले, पेरणीची तारीख, वाण आणि पाणी देण्याची पद्धत या पाच गोष्टी लिहाव्यात.

आधीचे पीक मका असेल तर धोका एक पायरी वर धरावा, कारण फ्युजेरियम मक्याच्या धसकटांवर आणि ताटांवर सहज तग धरते. भाताच्या धसकटांवरही ती राहू शकते. करवीर, पन्हाळा, राधानगरी या भागांत भातानंतर, तर हातकणंगले, शिरोळ, कागलकडे सोयाबीननंतर गहू घेण्याची रीत आहे. सोयाबीनचा पालापाचोळा लवकर कुजतो, म्हणून अवशेषांच्या दृष्टीने ते पीक त्यामानाने सोयीचे ठरते. मक्यानंतर गहू घ्यायचाच असेल तर धसकटे खोल नांगरून गाडावीत. विनामशागत पेरणीचे इतर फायदे मान्य करूनही, मका-गहू या एका क्रमात ती टाळावी असे माझे मत आहे.

पेरणीची तारीख हा कोल्हापुरातला खरा कळीचा मुद्दा आहे. वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. असा गहू जानेवारीच्या सुरुवातीस फुलतो आणि फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत कापणीला येतो. परंतु ऊस तुटून गेल्यावर त्याच वावरात गहू घेणारे शेतकरी तोडणीच्या पाळीवर अवलंबून असतात. तोड लांबली की पेरणी डिसेंबरच्या मध्यावर किंवा त्याहूनही पुढे जाते आणि कापणी मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, नेमकी वळवाच्या तोंडावर येते. उशिरा पेरलेल्या गव्हाचे उत्पादन घटते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच उशिरामुळे भिजण्याचा धोकाही वाढतो, हे मात्र हिशेबात धरले जात नाही. डिसेंबरच्या मध्यानंतर पेरलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे वहीत ठळक खूण करून ठेवावी.

खपलीबद्दल एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात खपली गव्हाला पुन्हा भाव आला आहे. खपलीचा दाणा मळणीनंतरही कोंड्याच्या टरफलात राहतो. बुरशी बाहेरून येत असल्याने अशा टरफलधारी गव्हात डॉनचा मोठा वाटा टरफलातच अडकतो आणि कांडणीत बाहेर पडतो. म्हणूनच तपासणीचा नमुना टरफलासह द्यायचा की कांडलेला, हे आधी ठरवावे, अन्यथा दोन अहवालांची तुलना निरर्थक होते. कांडणीतून निघालेले फोलपट जनावरांना घालण्यापूर्वीही हा मुद्दा आठवावा. टरफलातला गहू वाळायला अधिक वेळ घेतो, हे त्याचे दुसरे अंग आहे.

फुलोरा: धोका कमी, पण शून्य नव्हे

फ्युजेरियमचा संसर्ग प्रामुख्याने फुलोऱ्यात होतो. ओंबी दोन-तीन दिवस सतत ओली राहिली आणि तापमान साधारण २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असले, की बीजाणू फुलातून आत शिरतात. कोल्हापुरात जानेवारीत दिवसाचे तापमान यासाठी पुरेसे उबदार असते. तुटवडा असतो तो ओलाव्याचा. त्यामुळे सर्वसाधारण वर्षी या टप्प्यावर धोका कमी धरावा आणि केवळ या भीतीने बुरशीनाशक फवारू नये.

तीन परिस्थितींत मात्र ही नोंद बदलावी. पहिली, ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस होऊन आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिले तर. दुसरी, तुषार सिंचनाने संध्याकाळी पाणी दिले तर, कारण ओंबी रात्रभर ओली राहते आणि नदीकाठच्या वावरांत सकाळच्या धुक्यामुळे दहा वाजेपर्यंत वाळत नाही. फुलोऱ्याचे पाणी, जे पेरणीनंतर साधारण ६० ते ६५ दिवसांनी येते, ते शक्य असल्यास सरीतून किंवा साऱ्यातून द्यावे, आणि तुषारच वापरायचे असतील तर सकाळी ऊन चढल्यावर लावावेत. तिसरी परिस्थिती म्हणजे चहूबाजूंनी उभा ऊस असलेले वावर, जेथे वारा फिरत नाही आणि दव लवकर उडत नाही.

फुलोऱ्यानंतर दोन ते तीन आठवड्यांनी वावरातून तिरके चालत जाऊन ओंब्या पाहाव्यात. फ्युजेरियमने ग्रासलेली ओंबी बहुधा अर्धवट पांढरी पडते, म्हणजे वरचा किंवा मधला भाग वाळलेला आणि उरलेला हिरवा असतो. दमट हवेत टरफलाच्या बुडाशी फिकट गुलाबी किंवा नारिंगी थर दिसतो. संपूर्ण ओंबी पांढरी पडली असेल आणि ओढताच सहज उपटून येत असेल तर ते खोडकिड्याचे काम असते. मुळाशी वाळवी लागली असेल तर अख्खे ताट वाळते. या दोन गोष्टी पाहून विषाची धास्ती घेण्याचे कारण नाही.

दाणा पक्व झाल्यापासून कापणीपर्यंत

येथपासून लक्ष वाढवावे. दाणा कडक होऊ लागल्यापासून तो मळून घरी येईपर्यंत झालेला प्रत्येक पाऊस तारखेसह लिहावा, आणि त्यापुढे ओंबी पुन्हा कोरडी व्हायला किती वेळ लागला तेही लिहावे. एखादी जोरदार सर येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडले, तर नुकसान मर्यादित राहते. थोडासाच पाऊस झाला, पण चार दिवस ढगाळ आणि दमट गेले, तर ते अधिक वाईट. पर्जन्यमापक नसेल तर आपल्या महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राची आकडेवारी वापरावी. मात्र वळीव एका शिवारात पडतो आणि शेजारच्या गावाला कोरडे ठेवतो, त्यामुळे आपल्या बांधावर ठेवलेले सरळ बाजूंचे भांडेसुद्धा दूरच्या केंद्रापेक्षा अधिक खरे सांगते.

पीक लोळले असेल तर लोळलेला भाग वेगळा कापावा, वेगळा मळावा आणि वेगळ्या पोत्यांत भरावा. जमिनीला टेकलेल्या ओंब्या खालून ओल घेतात आणि वरच्या दाट थरामुळे वाळत नाहीत. हार्वेस्टर भाड्याने आणलेला असतो, चालकाला पुढच्या वावराची घाई असते आणि सगळा माल एकाच टाकीत जातो. वावरातला दहावा हिस्सा खराब असेल तर उरलेले नऊ हिस्से अशा रीतीने संशयित होतात. लोळलेला पट्टा शेवटी कापायला सांगणे एवढे तरी आपल्या हाती असते.

हाताने कापणी केली असेल तर पेंढ्या वावरात आडव्या पसरून ठेवण्याचा काळ कमीत कमी ठेवावा. पावसाची चिन्हे दिसत असताना पेंढ्या रचून ताडपत्रीने घट्ट झाकल्या जातात, ते त्या वेळेपुरते योग्यच आहे; पण पाऊस थांबल्यावर ताडपत्री काढली नाही तर आत कोंडलेली वाफ पावसापेक्षा अधिक बुरशी वाढवते.

मळणीनंतर ओलावा मोजणे

साठवणीसाठी गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून कमी असावा. १४ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की साठवणीतल्या बुरशांना वाट मोकळी होऊ लागते. ओलावामापक यंत्र खरेदी-विक्री केंद्रात, बियाणे प्रक्रिया केंद्रात किंवा मोठ्या व्यापाऱ्याकडे असते. तेथे नमुना नेताना तो घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावा आणि ढिगाच्या वरचा, मधला व तळाचा असे तीन नमुने वेगळे मोजावेत. तीन आकड्यांची सरासरी काढू नये. त्यांतला सर्वांत मोठा आकडा हाच आपल्या ढिगाचा धोका समजावा.

घरी करता येण्याजोगी मिठाची परीक्षा अशी आहे. काचेच्या पूर्ण कोरड्या बरणीत पाव भाग गहू घ्यावा, त्यात दोन-तीन चमचे तव्यावर भाजून थंड केलेले बारीक मीठ घालावे, झाकण लावून दोन-तीन मिनिटे हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे असे समजावे. मीठ चिकटले नाही तर ओलावा त्याहून कमी आहे, एवढेच कळते. तो १२ आहे की १४, हे ही परीक्षा सांगत नाही. दाताखाली दाणा कटकन फुटण्याची जुनी परीक्षाही अशीच ढोबळ आहे.

त्याहून भरवशाचा उपाय वजनकाट्याचा आहे. समजा मळणीनंतर यंत्राने ओलावा १६ टक्के दाखवला आणि आपण ५० किलोचे पोते मोजून वाळत घातले. त्यात कोरडा भाग ४२ किलो आहे. ओलावा १२ टक्क्यांवर आला की तेच धान्य सुमारे ४७.७ किलो भरले पाहिजे, म्हणजे जवळपास सव्वादोन किलो पाणी उडाले पाहिजे. वजन ४९ किलोवर थांबले असेल तर धान्य कितीही कोरडे वाटले तरी ते वाळलेले नाही. एकच पोते असे मोजून वाळवले आणि बाकीचे त्याच अंगणात त्याच जाडीच्या थराने पसरले, की सगळ्याचा अंदाज येतो.

वाळवताना धान्य थेट जमिनीवर किंवा सारवलेल्या अंगणात पसरू नये, ताडपत्रीवर पसरावे. थर दोन-तीन बोटांहून जाड नसावा, दर दीड-दोन तासांनी तो परतावा, आणि सूर्य कलण्यापूर्वी गोळा करून झाकावा. तापलेले धान्य लगेच कोठीत भरू नये. आत थंड होताना त्याची वाफ झाकणाखाली जमते.

दाण्यांची पाहणी

ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून घेतलेल्या गव्हातून १०० ग्रॅम दाणे पांढऱ्या कागदावर पसरून वेचावेत. हे काम दिवसाच्या उजेडात करावे. घरात निवडण-टिपण करणाऱ्या बायकांची नजर यात कोणत्याही यंत्राइतकी तयार असते.

खडूसारखे पांढरे, सुरकुतलेले आणि हलके, किंवा गुलाबी झाक असलेले दाणे हे फ्युजेरियमचे लक्षण आहे. थंड प्रदेशांत असे दाणे वजनाने १ टक्का असतील तर डॉन साधारण १ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत एका भागाच्या, आसपास असावे, असा एक ढोबळ ठोकताळा वापरतात. आपल्याकडे त्याचा उपयोग तपासणी करावी की नाही एवढे ठरवण्यापुरताच करावा. १०० ग्रॅममध्ये असे दाणे एक ग्रॅमच्या वर निघाले तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. ज्यांचे अंकुराकडचे टोक तपकिरी-काळे झाले आहे असे दाणे निराळे मोजावेत. तो काळटोक्या रोग दुसऱ्या बुरशांमुळे येतो आणि स्वतः डॉनचा पुरावा नाही, पण दाणा भरताना हवा दमट होती याची ती साक्ष आहे. मोड आलेला एकही दाणा सापडला तर धान्य कापणीपूर्वी किंवा कापणीनंतर भिजले होते, हे निश्चित समजावे, मग विकणारा काहीही सांगो. हिरवट, निळसर किंवा काळसर भुरी आणि कुबट वास हे साठवणीतल्या बुरशीचे लक्षण आहे. दाणे हुंगून पाहण्याची सवय मात्र सोडावी. बुरशीच्या धुळीने दम्याचा त्रास वाढतो. मूठभर दाणे बंद डब्यात थोडा वेळ ठेवून झाकण किंचित उघडले तरी वास कळतो.

उफणणे आणि पाखडणे यांना येथे खरा अर्थ आहे. फ्युजेरियमग्रस्त दाणे हलके असल्याने वाऱ्यावर आणि सुपात बाजूला पडतात, आणि त्यांच्याबरोबर डॉनचा बराच भाग निघून जातो. ही हलकी चिपाडे आणि चाळणीखालचा चुरा कोंबड्यांपुढे टाकण्याची आपली पद्धत आहे. संशयित ढिगाच्या बाबतीत ती बंद ठेवावी.

विकत घेतलेला गहू

शहरातील बहुतेक घरांत स्थानिक गव्हापेक्षा मध्य प्रदेशातून आलेला सिहोर किंवा बाजारातला लोकवन भरला जातो. लक्ष्मीपुरीत किंवा मार्केट यार्डात वर्षाचे धान्य घेताना शेताचा इतिहास आपल्याला मिळत नाही, त्यामुळे वरच्या नोंदींपैकी फक्त ओलावा आणि दाण्यांची पाहणी उरते. पोत्याच्या तोंडावरचा गहू पाहून सौदा करू नये. परखी, म्हणजे पोत्यातून दाणे काढण्याची टोकदार पोकळ नळी, पोत्याच्या मध्यापर्यंत आणि तळापर्यंत खुपसून दाणे काढायला सांगावेत. एप्रिल-मे मध्ये खरेदी करून कडक उन्हात दोन दिवस वाळवणे आणि जूनपूर्वी कोठी बंद करणे, ही आपली जुनी रीत शास्त्राच्या कसोटीवरही उतरते.

पावसाळा: खरी परीक्षा

धान्य हवेतला ओलावा घेते आणि सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर गव्हाचा ओलावा साडेतेरा टक्क्यांच्या जवळ स्थिरावतो. आर्द्रता ८५ ते ९० टक्के असेल तर उघडा गहू हळूहळू १६ ते १८ टक्क्यांकडे जातो. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा अनेक दिवस या दुसऱ्या पट्ट्यात असते. याचा अर्थ असा की मे महिन्यात १० टक्क्यांपर्यंत वाळवलेला उत्तम गहूसुद्धा ज्यूटच्या पोत्यात भिंतीला टेकवून ठेवला तर ऑगस्टअखेर धोक्याच्या पातळीवर पोहोचू शकतो. जिल्ह्यातही सारखेपणा नाही: गगनबावड्याला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस होतो, शिरोळला त्याच्या कितीतरी पट कमी. आजरा, चंदगड, शाहूवाडी, राधानगरी येथील घरांनी हवाबंद साठवण ही सोय न मानता गरज मानावी.

पत्र्याची कोठी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. कोठीच्या एका अंगाला दुपारचे ऊन लागत असेल तर ती हलवावी, कारण तापलेल्या बाजूची वाफ थंड बाजूला आणि झाकणाखाली जाऊन पाणी धरते, आणि त्या वरच्या चार बोटांच्या थरातच बुरशीची पहिली गाठ सापडते. झाकणाची फट मेण, चिकटपट्टी किंवा मातीने बंद करावी. महिन्याचे धान्य एकदाच काढून लहान डब्यात ठेवावे, म्हणजे मोठी कोठी वरचेवर उघडावी लागत नाही. श्रावणातल्या उघडिपीत धान्य बाहेर पसरण्याचा मोह होतो. त्या उन्हात हवा दमटच असते आणि कोरडे धान्य वाळण्याऐवजी ओल घेऊन आत येते.

किडीचा संबंध येथे येतो. सोंडे वाढले की त्यांच्या श्वसनाने धान्य तापते, त्या ठिकाणी ओल धरते आणि मागोमाग बुरशी येते. कोठीत कोपरापर्यंत हात घालून मध्यभाग गरम लागतो का, हे पंधरवड्याला पाहावे. लांब सळई आत पंधरा मिनिटे ठेवून काढली आणि ती कोमट लागली तरी कळते. एरंडेल, कडुलिंबाचा पाला, राख हे उपाय किडीपुरते थोडेफार उपयोगी आहेत, बुरशीच्या विषावर त्यांचा भरवसा धरू नये. ताजा ओला पाला घातला तर तो ओलच वाढवतो. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात ठेवणे हे एक विष टाळण्यासाठी दुसरे घरात आणणे आहे, आणि राहत्या घरात धुरीच्या गोळ्या वापरणे जीवघेणे ठरू शकते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आणखी एक प्रकार समोर आणला. पुराच्या पाण्यात भिजलेल्या गव्हाचे कोणतेही मूल्यमापन करू नये. तो वाळवून पिठाच्या गिरणीत नेऊ नये, जनावरांनाही घालू नये. कोठीत फक्त तळाला पाणी शिरले असेल तर ओली रेष जेथपर्यंत आहे त्याच्या वर किमान वीतभर धान्य सोडून उरलेले त्याच दिवशी वेगळे काढावे आणि ते संशयित मानून तपासावे.

नमुना आणि प्रयोगशाळा

अफ्लाटॉक्सिन ढिगात सारखे पसरलेले नसते. ते मूठभर दाण्यांत दाटलेले असते. त्यामुळे चुकीचा नमुना महागड्या यंत्रालाही खोटे बोलायला लावतो. दहापर्यंत पोती असतील तर प्रत्येक पोत्यातून, दहा ते शंभर असतील तर कोणत्याही दहा पोत्यांतून, आणि शंभरावर असतील तर संख्येच्या वर्गमुळाइतक्या पोत्यांतून परखीने दाणे काढावेत. एकूण पाच ते दहा किलो जमले की ते नीट मिसळून गोल ढीग करावा, त्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवावेत, आणि एक किलो उरेपर्यंत हे करावे. ओलसर नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून दोन दिवस ठेवला तर वाटेतच बुरशी वाढते. तो कागदी किंवा कापडी पिशवीत, त्याच दिवशी पोहोचवावा.

एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ, याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत कोणत्या विषाची तपासणी हवी हे नाव घेऊन सांगावे लागते. कापणीपूर्वी भिजलेल्या गव्हासाठी डॉन मागावे, पावसाळ्यानंतरच्या साठवणीतल्या गव्हासाठी अफ्लाटॉक्सिन आणि ऑक्राटॉक्सिन. सगळे एकदम तपासून घेण्यात पैसा जातो आणि नोंदवही हाताशी असेल तर त्याची गरज नसते. एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने होणारी झटपट चाचणी) किंवा पट्टीची चाचणी प्राथमिक निवडीसाठी पुरेशी आहे. निकाल मर्यादेच्या जवळ आला तर एलसी-एमएस या यंत्राच्या अधिक अचूक पद्धतीने खात्री करावी.

अहवालाचा अर्थ

देशातील अन्नसुरक्षा नियमांनुसार गव्हात डॉनची कमाल मर्यादा किलोमागे १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ पीपीएम आहे. ऑक्राटॉक्सिनची २० मायक्रोग्रॅम, आणि तृणधान्यांत एकूण अफ्लाटॉक्सिनची १५ मायक्रोग्रॅम. युरोपीय संघाची तृणधान्यांतील एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा ४ मायक्रोग्रॅम आहे. निर्यातीचा विचार असलेल्या खपली उत्पादकांनी हा फरक लक्षात ठेवावा.

मर्यादेच्या आत असणे आणि निर्धास्त असणे यांत अंतर आहे, आणि ते साध्या गुणाकाराने दिसते. डॉनसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेले सहनीय प्रमाण दर दिवशी शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ मायक्रोग्रॅम आहे. वीस किलो वजनाच्या मुलासाठी ते २० मायक्रोग्रॅम होते. ते मूल दिवसाला दीडशे ग्रॅम गव्हाचे पीठ खात असेल आणि त्या गव्हात डॉन किलोमागे २०० मायक्रोग्रॅम असेल, तर पोटात ३० मायक्रोग्रॅम जाते. गहू कायद्याच्या मर्यादेच्या एकपंचमांश असूनही मूल सहनीय प्रमाण ओलांडते. म्हणून लहान मुलांच्या घरासाठी मी २०० हा आकडाही दुर्लक्षिण्याजोगा मानत नाही. आपल्या जेवणात भात आणि ज्वारीची भाकरी असते, तेवढा गव्हाचा वाटा घटतो आणि तेवढा धोकाही.

संशयित धान्याचे काय करावे

डॉन मर्यादेच्या आत पण जाणवण्याइतके असेल तर धान्य पाखडून, हलके दाणे काढून पुन्हा तपासावे. डॉन दाण्याच्या बाहेरील थरांत अधिक असते, त्यामुळे अशा गव्हाचा कोंडा खाण्यात वापरू नये. कुरडईसाठी गहू भिजवून रोज पाणी बदलतात, तेव्हा पाण्यात विरघळणारे डॉन काही अंशी निघून जाते; अफ्लाटॉक्सिन मात्र पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे भुरी आलेला गहू धुऊन वापरण्याला काही आधार नाही. मर्यादेबाहेरचा गहू चांगल्या गव्हात मिसळून आकडा खाली आणू नये. युरोपीय संघात अशी मिसळ कायद्यानेच निषिद्ध आहे.

माणसाला नको ते जनावराला, हा आपला हिशेब येथे उलटतो. गाई-म्हशींच्या कोठीपोटातील जिवाणू डॉनचा बराच भाग निष्प्रभ करतात, परंतु अफ्लाटॉक्सिन बी-१ दुधात एम-१ या रूपाने उतरते, साधारण १ ते २ टक्के आणि भरपूर दूध देणाऱ्या गाईंत ६ टक्क्यांपर्यंत. किलोमागे १०० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन बी-१ असलेला चार किलो भरडा खाणाऱ्या, दहा लिटर दूध देणाऱ्या गाईच्या दुधात २ टक्के दराने लिटरमागे ०.८ मायक्रोग्रॅम एम-१ येते, आणि दुधाची मर्यादा ०.५ आहे. पशुखाद्यासाठी भारतीय मानकातील अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. कोंबड्या आणि बदके अफ्लाटॉक्सिनला फार लवकर बळी पडतात, डुकरे डॉनला. खाद्यात मिसळण्याच्या बेंटोनाइटसारख्या मातीने अफ्लाटॉक्सिन काही प्रमाणात बांधले जाते, डॉनवर तिचा विशेष परिणाम होत नाही.

बाद ठरलेला गहू तोंडावर मास्क बांधून पोत्यात भरावा आणि विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात पुरावा. त्याच पोत्यांत नवा माल भरू नये. नवी सुगी घरात येण्यापूर्वी कोठी पूर्ण रिकामी करून कोपऱ्यांत व शिवणींत चिकटलेले जुने पीठ आणि दाणे खरवडून काढावेत, कोठी धुऊन किमान दोन दिवस कडक उन्हात उघडी ठेवावी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला गंज धरला असेल तर तो घासून काढल्याशिवाय धान्य भरू नये.